मागचे आणि पुढचे

दुधाचा पेला हातात घेतला आणि तोंडाला लावण्याआधी, कट्ट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं मी म्हणालो, "दोन गोल मी मारलं. आपल्यावर तीन कसं बसलं, ते मागच्यास्नी इचारा."

दोघं-तिघं हसले. मला तेवढंच हवं होतं. कट्ट्याच्या टोकाला आमचा स्टॉपर, म्हणजे गोलासमोर उभा राहून हल्ले अडवणारा, दस्तगीर शिकलगार गुडघ्याला फडकं बांधत बसला होता. त्याचा गुडघा सोलून निघाला होता. त्यानं गाठ मारली, फडक्याचं टोक नीट आत खोवलं आणि मग वर बघितलं.

"रणज्या, पुन्हा एकदा बोल."

चोवीस वर्षांचं वय, हंगामात नऊ गोल, वर हातात पेला. मी पुन्हा बोललो.

"बरं," दस्तगीर म्हणाला आणि उठून गेला. त्याच्यामागे आमचे दोन्ही बॅक गेले, त्यांच्यामागे गोलकीपर गेला. चौघांनीही दुधाला हात लावला नाही.

ही गोष्ट कोल्हापुरातली, अठ्ठ्याऐंशी सालची. आमची रणधीर तालीम. कुस्तीचा आखाडा आत आणि फुटबॉलचा संघ बाहेर, अशी आमच्याकडच्या तालमींची जुनी तऱ्हा. आमच्या तालमीचा एक रिवाज होता. सामना जिंको नाहीतर हरो, संध्याकाळी कट्ट्यावर म्हैस आणून उभी करायची, आणि ज्यानं गोल मारला त्यानं धारोष्ण दुधाचा पहिला पेला प्यायचा. बाकीच्यांनी त्याच्यानंतर. हा रिवाज कुणी पाडला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण गोल अडवणाऱ्याला पहिला पेला द्यावा असं आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या तर नव्हतंच नव्हतं.

माझ्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट होती. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीला आपल्या संघासाठी एक फॉरवर्ड हवा होता. खेळाडू म्हणून घेणार, पण नोकरी कायमची. निवड करणारे मिनेझिस साहेब आमच्या स्पर्धेचा अंतिम सामना बघायला येणार होते. वयाची अट पंचवीस, आणि मला जूनमध्ये पंचवीस पूर्ण होत होती. घरात थोरल्या भावानं स्पष्ट सांगितलं होतं, "एप्रिलपतोर तुझा फुटबॉल. मेपासनं गुळाच्या आडतीवर यायचं, ढेपा उतरवायला. शेठजीला मी शबूद दिलाय." तेव्हा ते मिनेझिस साहेब म्हणजे माझ्यासाठी साक्षात देवच निघाले होते मुंबईहून. आणि देवाला दाखवायला माझ्याकडे गोलांशिवाय दुसरं काय होतं?

कट्ट्यावरच्या त्या बोलण्याचा हिशेब पुढच्याच सामन्यात चुकता झाला.

पहिली दहा मिनिटं मला काही कळलंच नाही. आमच्याकडे चेंडू आला की दस्तगीर तो थेट मैदानाबाहेर मारायचा. पुन्हा आला, पुन्हा बाहेर. डावा बॅकही तसंच, उजवाही तसंच. गोलकीपरनं तर एकदा चेंडू असा भिरकावला की तो प्रेक्षकांतल्या एका म्हाताऱ्याच्या पटक्यावर बसला. कुणी एकही पास पुढे देईना. मी वर उभा, हात हलवतोय, ओरडतोय, घसा बसला. अख्ख्या सामन्यात माझ्या पायाला चेंडू सहा वेळा लागला, आणि त्यातल्या चार वेळा तो आमच्याच पुढच्या पोरांनी आडवा मारलेला होता.

सामना शून्य-शून्य. एक गुण पुरेसा होता म्हणून आम्ही अंतिम सामन्यात पोचलो, पण पेठेत कुणी फटाका लावला नाही.

बुटाचे बंद सोडता सोडता दस्तगीर माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक बी बसू दिला न्हाई. आमचं काम आमी केलं. तुझं तू बघ."

माझं काय ते मी बघणार होतो? चेंडू काय आभाळातून पडणार होता?

आता आमचे वस्ताद. तात्या मंडलिक. साठीचे, उभा जन्म लाल मातीत गेलेला. कान मोडलेले, मान खांद्यात गेलेली. फुटबॉल त्यांना पुस्तकातून कधीच कळला नव्हता. फॉरवर्डना ते 'पुढचं' म्हणत आणि बॅकना 'मागचं'. त्यांनी दोन दिवस आमचा सराव बघितला. पुढचे एका पायरीवर बसायचे, मागचे दुसऱ्या. पाण्याच्या कळश्याही दोन झाल्या होत्या. तिसऱ्या दिवशी तात्या तालमीतले चढायचे दोन दोर खांद्यावर टाकून मैदानात आले. दोन्ही दोर एकमेकांना गाठले, एक टोक माझ्या कमरेला बांधलं आणि दुसरं दस्तगीरच्या.

"तात्या, काय ह्ये?" मी म्हणालो.

"लगीन," तात्या म्हणाले. "खेळा."

दोर असेल तीसेक पावलांचा. पहिलाच चेंडू उजवीकडून पुढे आला, मी सवयीनं सुसाट सुटलो आणि कमरेला असा हिसका बसला की पाठीवर आपटलो. मागे बघतो तर दस्तगीर पालथा, दोन हात घासत आलेला. पेठेतली निम्मी माणसं सराव बघायला जमली होती, ती पोट धरून हसत होती. मग त्यानं चेंडूसाठी मागे धाव घेतली आणि मी उताणा ओढला गेलो. अर्धा तास हे असंच. मी पुढे गेलो की तो घसरतोय, तो मागे गेला की मी कोलमडतोय.

शेवटी तात्या मध्ये येऊन दोरावर पाय देऊन उभे राहिले. "आरं, ह्यो मागं बसला की तू उपाशी. तू पुढं पळालास की ह्यो उघडा. आन् मधलं एवढं रान कुणाच्या बापाचं? समोरच्यांचंच न्हवं?"

 आम्ही दोघांनी आपापल्या कमरेच्या गाठी सोडल्या. मी तर मनात म्हटलं, म्हाताऱ्याला चळ लागलाय. तात्यांनी इतकं चांगलं सांगितलं होतं आणि मी ते दोरासकट तिथंच टाकून घरी गेलो, हे आज लिहिताना लाज वाटते.

अंतिम सामना पंचरत्न मंडळाशी होता. शाहू स्टेडियम भरलेलं. पॅव्हेलियनमध्ये पांढरी टोपी घातलेले, मांडीवर वही घेतलेले एक गृहस्थ दिसले आणि मी बुटाचे बंद सोडून पुन्हा बांधले. मिनेझिस साहेबच ते.

पहिल्या अर्ध्यात त्यांना माझ्याबद्दल वहीत लिहिण्यासारखं काहीही घडलं नाही. मागच्यांचा संप आता तसा राहिला नव्हता. अंतिम सामना होता, पेठेची अब्रू होती, त्यांना पास द्यायचे होते. पण द्यायचे कुणाला? मी पार पुढे, ते पार मागे, आणि मधल्या त्या रानात पंचरत्नचा सात नंबर हुंदडत होता. बुटका, काटक, पायात भिंगरी असलेला गडी. आमच्या बॅकनं मारलेला प्रत्येक चेंडू माझ्यापर्यंत येण्याआधी त्याच्या पायात पडायचा. तिसाव्या मिनिटाला तो तसाच मधून निघाला, दस्तगीरसमोर एकदम दोन माणसं आली, दस्तगीर एकाला आडवा गेला आणि दुसऱ्यानं गोल मारला. एक-शून्य.

मध्यंतरात सगळे लिंबाच्या फोडी चोखत बसले होते. मी उठून दस्तगीरपाशी गेलो. कट्ट्यावरच्या संध्याकाळनंतर मी त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होतो.

"भाई, त्या दिवशी मी जे बोललो…"

"ऱ्हाऊ दे. त्ये नंतर."

"एक तरी बॉल दे, भाई. मिनेझिस साहेब आल्यात. जूनला माझं वय संपतंय."

"म्हाईत हाय मला. पेठेत कुणाला म्हाईत न्हाई?" त्यानं फोड टाकून दिली. "त्यो सात नंबर मधनं येतोय. एकटा मी दोघास्नी धरू कसा? तू मागं येतोस काय?"

"मी मागं आल्यावर पुढं कोण?"

"तू मागं आल्याबिगर बॉलच पुढं जात न्हाई, मर्दा."

मी पॅव्हेलियनकडे एकदा बघून घेतलं. शिट्टी झाली.

दुसऱ्या अर्ध्यातली पहिली पंधरा मिनिटं मी पुढेच उभा राहिलो. खरं सांगायचं तर माझ्या एका डोळ्याचं लक्ष त्या पांढऱ्या टोपीकडे होतं. मला वाटत होतं, मी खाली उतरलो आणि नेमक्या त्याच वेळी साहेबांनी बघितलं तर लिहितील, ह्या पोराला गोलाची भूक नाही. पण चेंडू येईना. आणि मग सात नंबर माझ्या शेजारूनच चेंडू घेऊन निघाला. अगदी हातभर अंतरावरून. तो गेला आणि मला पलीकडे दस्तगीर दिसला. गुडघ्याचं फडकं सुटून पोटरीवर आलेलं, समोर पुन्हा दोन माणसं, आणि तो एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत मागे मागे सरकतोय.

मी पळालो. का पळालो ते नक्की सांगता येत नाही. त्याचा तो चेहरा बघवला नाही, एवढंच. सात नंबरला मी आमच्या गोलापासून वीस पावलांवर गाठलं आणि बाजूनं पाय घालून चेंडू काढला. चेंडू घरंगळत दस्तगीरकडे गेला.

एरवी त्यानं तो दाणकन उडवला असता. पण पंचरत्नची सगळी फौज आमच्या अंगणात जमली होती आणि पुढे मैदान मोकळं पडलं होतं. दस्तगीरनं मान वर केली, एकदा माझ्याकडे बघितलं आणि चेंडू घेऊन स्वतःच निघाला. चार वर्षांत ज्यानं मधली रेघ ओलांडली नव्हती, तो स्टॉपर!

माझे पाय त्याच्यामागे निघालेच होते. पुढे त्यांचे तीनच जण होते. मी बरोबर गेलो असतो तर पास मलाच मिळाला असता, आणि गोलही बहुधा माझाच झाला असता. पण आमची मागची जागा रिकामी पडली होती आणि सात नंबर तिथं कमरेवर हात ठेवून उभा होता, चेंडू परत येण्याची वाट बघत. मी थांबलो. मागे फिरलो आणि त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.

तो चकित झाला. "तू हितं काय करतुयास?"

"काय म्हाईत," मी म्हणालो. ते खरंच होतं.

त्या जागेवरून मी मैदान पहिल्यांदाच बघत होतो. तिथून चेहरे दिसत नाहीत. पुढे पळणाऱ्यांच्या नुसत्या पाठी दिसतात. आपला माणूस कुठं पळतोय ते दिसतं, कुठं चुकतोय तेही दिसतं, आणि आपण फक्त उभं राहायचं असतं. दस्तगीरनं चार वर्षं माझी पाठ बघितली होती. ती एकदाही वळली नव्हती.

त्यानं गोल मारला तो काही वर्णन करण्यासारखा नव्हता. पंचवीस पावलांवरून त्यानं आंधळा टोला हाणला, तो त्यांच्या बॅकच्या गुडघ्याला लागला आणि उलट बाजूनं जाळीत गेला. पण गोल तो गोल. स्टेडियम उठून उभं राहिलं. सगळे त्याच्या अंगावर पडले होते आणि मी दुसऱ्या टोकाला सात नंबरशेजारी एकटाच उड्या मारत होतो.

नंतरची वीस मिनिटं मी नुसता वर-खाली पळत होतो. त्यांचा हल्ला आला की मागे, चेंडू सुटला की पुढे. आणि अगदी शेवटी, दोनेक मिनिटं राहिली असताना, तो चेंडू आला. दस्तगीरनं आमच्या गोलासमोरून मारलेला, उंच, लांब, नेमका माझ्या पुढ्यात पडेल असा. महिन्याभरात असा चेंडू मला मिळाला नव्हता. समोर एकटा गोलकीपर. मी जिवाच्या आकांतानं धावलो. पण पायांत काही उरलंच नव्हतं. एका पावलानं मी कमी पडलो. गोलकीपरनं झेप घेऊन चेंडू पोटाशी धरला आणि मी त्याच्या अंगावरून पलीकडे पडलो. पोटऱ्यांत गोळे आले ते सुटेचनात.

पेनल्टीवर आम्ही चार-तीननं जिंकलो. मी पेनल्टी मारायच्या अवस्थेत नव्हतो. गुलाल उडाला, हलगी वाजली, पोरांनी दस्तगीरला खांद्यावर घेतलं. मी पॅव्हेलियनच्या मागे जाऊन भिंतीला तोंड लावून रडलो. ज्याच्यासाठी एवढा हंगाम खपलो, त्या एका सामन्यात माझा गोलावर एकही फटका नव्हता.

डोळे पुसून बाहेर आलो तर नळापाशी मिनेझिस साहेब आणि दस्तगीर बोलत उभे होते. साहेब काहीतरी विचारत होते, दस्तगीर मान हलवत होता. साहजिकच आहे, मी मनात म्हटलं, ज्यानं गोल मारला त्यालाच नेणार. मला वाईट वाटलं आणि त्याच्याबद्दल थोडा रागही आला. लपवण्यात काय अर्थ आहे?

मेच्या पहिल्या आठवड्यात मी गुळाच्या आडतीवर जायला लागलो. पंधराव्या दिवशी पोस्टमन घरी पत्र देऊन गेला. निवड माझी झाली होती.

माझे नऊ गोल कामी आले, असं मी आईला सांगितलं. भावाला सांगितलं. पुढे मुंबईत ज्यानं विचारलं त्याला आणि न विचारलेल्यालाही सांगितलं. कंपनीच्या संघात पहिल्याच दिवशी मिनेझिस साहेब मैदानाच्या कडेवरून ओरडले होते, "अतिग्रे, मागे! तू मागे येणारा ना?" मला वाटलं, ती त्यांची बोलण्याची पद्धत. पण साहेबच म्हटल्यावर न जाऊन करतो काय? आठ वर्षं कंपनीकडून खेळलो, प्रत्येक सामन्यात मागे पळत गेलो आणि हळूहळू त्यातच माझं नाव झालं. लग्न झालं, दोन मुली झाल्या, क्वार्टर मिळालं.

अकरा वर्षांनी साहेब निवृत्त झाले. निरोपाचा चहा झाल्यावर त्यांनी मला कोपऱ्यात बोलावलं.

"अतिग्रे, तुला एक सांगायचं राहिलंय. कोल्हापूरला त्या दिवशी मी तुझ्या त्या स्टॉपरला घ्यायचं ठरवलं होतं. म्हटलं, फॉरवर्ड राहू दे, असा माणूस मिळत नाही. तर मी विचारायच्या आधीच त्यानं सांगितलं, साहेब, मी अठ्ठावीसचा हाय, मला नेऊ नका, अडचणीत याल."

"दस्तगीरभाई तसाच आहे," मी म्हणालो.

"मग मी तुझी चौकशी केली. नऊ गोल ठीक, पण गोल मारणारे पोरगे मी रोज बघत होतो. बहुतेक जण पुढे उभे राहून बोंबलणारे. मी त्याला म्हटलं, हा नुसता गोलापुरता आहे, की आणखी काही? तो म्हणाला, 'ह्यो मागं येतो, साहेब. न बोलावता येतो.' बस, एवढंच. एखाद्या फॉरवर्डबद्दल स्टॉपरनं असं बोललेलं मी तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. तिथंच वहीत तुझं नाव लिहिलं."

 न बोलावता येतो. आणि मी? तो हे बोलला तोवर मी आयुष्यात एकाच सामन्यात मागे आलो होतो. त्याच दिवशी, आणि तेही त्यानं मध्यंतरात विनवल्यावर.

त्याच शनिवारी मी कोल्हापूरची गाडी धरली. दस्तगीर उद्यमनगरात लेथवर काम करायचा. शेडमध्ये गेलो तर पाठमोरा उभा, मशीन चालू, लोखंडाचा कीस पायांशी पडत होता. केस पिकले होते. मी हाक मारली तर त्यानं वळून बघितलं आणि तोंडभर हसला.

"आयला, मुंबईकर! कवा आलास?"

"आत्ताच. भाई, मिनेझिस साहेबांनी मला सगळं सांगितलं."

त्यानं मशीन बंद केलं नाही. "काय सांगितलं?"

"तू नळापाशी काय बोललास ते. माझं घर, माझ्या पोरी, सगळं तुझ्या त्या एका बोलण्यावर उभं आहे. आणि मी तुला कट्ट्यावर चारचौघांत काय बोललो होतो! माफीसुद्धा मागितली नाही कधी."

"मागितलीस की. मध्यंतरात. मीच म्हणलो, नंतर."

"मग आता ऐक. चुकलो भाई."

"बरं. झालं? च्या सांगू?"

मला हसावं की रडावं कळेना. "पण भाई, तू खोटं का बोललास? मी त्या एकाच सामन्यात मागं आलो होतो. तुला तर सगळ्यांत जास्त ठाऊक होतं."

आता त्यानं मशीन बंद केलं. चाक फिरत फिरत थांबलं. फडक्याला हात पुसत त्यानं मला विचारलं, "मुंबईला गेल्यावर? तिथं जात हुतास काय मागं?"

"जात होतो."

"कितींदा?"

"प्रत्येक सामन्यात. आठ वर्षं."

"मग खोटं कुठं झालं?" दस्तगीर म्हणाला.

मी त्याचे ते तेलकट हात माझ्या दोन्ही हातांत धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.